ठेच दादाला, शहाणा तू

पत्र

बाई, मी औसा तालुक्यातला, वय ३२. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. लातूरला एका खाजगी क्लासमध्ये शिकवतो, शनिवारी-रविवारी गावाकडं असतो. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस झाला. मोबाईलवर पुढच्या आठवड्यात पावसाची ६० ते ७० टक्के शक्यता दाखवत होतं. माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला मी म्हणालो, 'उद्याच पेर, मागं राहिलास तर उतारा घटंल.' माझ्या वडिलांनी खुरप्यानं वीतभर उकरून माती मुठीत दाबली आणि म्हणाले, 'गडबड कामून करायलास? वरचीच ओल हाय, खाली कोरडं ठाक हाय.' दादानं माझं ऐकलं, चार एकर सोयाबीन पेरलं. त्यानंतर सतरा दिवस थेंब नाही. मोड आलेलं बी जागेवर वाळलं. आता दुबार पेरणी. दादा मला एका शब्दानं बोलला नाही, पण पारावर मला 'दीडशहाणा' म्हणतात. माझं काय चुकलं? अंदाज काही मी वर्तवला नव्हता. इतकं शिकून मी मूर्ख आणि चौथी पास वडील शहाणे, तर मग शिक्षणाला अर्थ काय? खरा शहाणा माणूस म्हणजे नेमका कोण? आणि तसं होता येतं का?

उत्तर

बाळा, माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की पारावर तुला काय म्हणतात ते त्यात आहे, वडिलांची चौथी आहे, तुझी एम.एस्सी. आहे. पण दादाच्या बियाण्याच्या किती पिशव्या गेल्या, सोबत पेरलेलं खत किती होतं, ट्रॅक्टरवाल्याला एकरी काय दिलं, दुसऱ्या पेरणीचा पैसा तो कुठून उभा करणार, यातलं काहीच नाही. तुला माहीत असेल आणि लिहायचं राहून गेलं असेल, तर ठीक. माहीतच नसेल, तर तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच पडलंय.

आधी शिक्षणाचं बघू, कारण त्याला तू उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंस. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी जूनमध्ये कानीकपाळी ओरडून सांगतात. त्यामागं कारण आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली, तापलेली असते. पहिल्या पावसानं वरची चार बोटं भिजतात. सोयाबीनचं बी पडतं तीन ते पाच सेंटिमीटरवर, म्हणजे नेमकं त्या वरवरच्या ओलीत. ते फुगतं, मोड फुटतो, मूळ खाली जातं आणि खाली कोरडं. परत फिरायची सोय बियाला नसते. तुझ्या वडिलांनी खुरप्यानं वीतभर उकरून मुठीत दाबलं, ते हेच बघायला. त्यांची मूठ आणि परभणीचं विद्यापीठ एकच गोष्ट सांगत होते. त्या दोघांच्या विरोधात एकटा तू होतास, आणि हातात पुस्तकही नव्हतं, मोबाईल होता.

याचा अर्थ वडील नेहमी बरोबर, असाही काढू नकोस. जुनी माणसं म्हणून हात जोडून बसणाऱ्यांतली मी नाही. मृग लागला की पेरायचं, मग आभाळ कसंही असो, या हट्टापायी हाताला न लागलेली पिकं मी माझ्या माहेरी पाहिलीत, आणि ती पेरणारे सगळे पांढऱ्या मिशांचे होते. तुझ्या वडिलांच्या बाजूनं त्यांचं वय बोलत नव्हतं. त्यांनी उकरून बघितलं, एवढंच.

आता तो अंदाज. ६० ते ७० टक्के याचा अर्थ असा, की अशा दहा वेळांपैकी सहा-सात वेळा पाऊस येईल आणि तीन-चार वेळा येणार नाही. म्हणजे अंदाज खोटा पडलाच नाही. तुझ्या वाट्याला त्या तीन-चारांतली एक वेळ आली. मोबाईलनं ६५ सांगितलं होतं, तुझ्या तोंडून दादाच्या कानात ते १०० होऊन पडलं. 'उद्याच पेर' या दोन शब्दांत टक्के कुठं राहिले? तू म्हणतोस अंदाज मी वर्तवला नव्हता. खरंय, पण त्यातला 'कदाचित' तू काढून टाकलास, आणि दादाला तोच हवा होता. शिवाय दोन्हीकडचं नुकसान तोलून बघ. थांबला असता तर आठवडा-दहा दिवस गेले असते, उतारा थोडा घटला असता. पेरून पाऊस गेला तर सगळं बी गेलं. असा सौदा असला की दहातल्या सातांकडं बघणारा हुशार असेल, पण ज्याचं बी मातीत जाणार आहे त्याला उरलेल्या तिनांकडं बघावं लागतं.

मग दादानं तुझं ऐकलं कशाला? शेती तो वर्षभर करतो, तू शनिवार-रविवारचा. ऐकलं, कारण तू शिकलेला. रसायनशास्त्रात कमावलेली पत तू पेरणीत खर्च केलीस. हे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्येही चालायचं. तिथला तत्त्वज्ञ सॉक्रेटिस शहाणा माणूस शोधत फिरला. पुढाऱ्यांकडं गेला, कवींकडं गेला, शेवटी कारागिरांकडं. कारागिरांविषयी तो म्हणाला, यांना खरोखरच असं बरंच येतं जे मला येत नाही. पण आपला धंदा चांगला जमतो, म्हणून बाकीच्या मोठमोठ्या गोष्टीही आपल्याला कळतात असं त्यांना वाटायला लागतं, आणि ते वाटणं त्यांच्या खऱ्या ज्ञानावर सावली पाडतं. लोक सॉक्रेटिसाचं 'मला काहीच कळत नाही' एवढंच लक्षात ठेवतात. मला ही कारागिरांची गोष्ट जास्त कामाची वाटते. मास्तरांना तर फारच.

'दीडशहाणा' शब्दावर रागावू नकोस, फार नेमका शब्द आहे. शहाणपण त्यात कमी नाही, उलट अर्धं जास्तीचं आहे, आणि जे जास्तीचं आहे ते आपल्या शेताबाहेर सांडतं.

आमच्या शाळेत एक शिपाई होते, हिंगोलीकडचे. गावात बैल घ्यायचा असो की बोअर पाडायचं, माणसं त्यांना विचारायला यायची. ते विडी विझवायचे आणि म्हणायचे, 'माह्या बैलाचं सांगतो. तुमच्या बैलाचं मला काय ठावं?' मग स्वतःच्या बैलाचं सगळं सांगायचे. कितीला घेतला, कुठं फसलो, दात बघायला कसा विसरलो. समोरचा त्यातून आपलं आपण काढून घ्यायचा. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस अंग चोरतो. मी मुख्याध्यापिका, मला विचारलं की मी दोन मिनिटांत निकाल द्यायची.

अशाच एका निकालाचं सांगते. बीड जिल्ह्यातल्या त्या शाळेत एका मुलीला दहावीला ८८ टक्के पडले. बाप ऊसतोडीला जाणारा. तिला घेऊन दाखला न्यायला आला तेव्हा विचारलं, 'बाई, हिला पुढं काय करू?' मी गुणपत्रिका बघितली आणि म्हणाले, 'सायन्सलाच घाला, बाहेर मोठ्या क्लासला पाठवा, पोरगी डॉक्टर होईल.' त्यानं मुकादमाकडून उचल घेतली. पोरगी शहरात गेली, होस्टेलला राहिली, तिला ते झेपलं नाही, अकरावीच्या दुसऱ्या सहामाहीत घरी आली. उचल मात्र घरी येत नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यानं दोन हंगाम ती फेडली. तिचा धाकटा भाऊ सातवीत होता, घरी बघायला कोणी नाही म्हणून तो आई-बापाबरोबर फडावर गेला. त्याची शाळा सुटली.

हे मला तीन वर्षांनी कळलं, तेही आठवडी बाजारात. बापानं नमस्कार केला, सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, 'बाई, तुमचा काई दोष न्हाई. तुमी चांगल्यासाठीच सांगितलं.' शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेले. पोरगी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला विचारलं, तुला तेव्हा काय व्हायचं होतं? ती म्हणाली, 'बाई, मला नर्सिंग करायचं होतं. तवाच सांगणार होते, पण तुमी सह्या करायलात म्हणून थांबले.'

मला आठवलं. खरंच त्या वेळी माझ्यापुढं दाखल्यांचा गठ्ठा होता. सही करता करता मी तिचं आयुष्य सांगून मोकळी झाले होते. माझा अंदाज तसा वावगा नव्हता. ८८ टक्क्यांच्या किती तरी मुली सायन्सला जाऊन पुढं निघाल्या. पण मी चुकले तर कोयता कोणाच्या हातात येणार, हे मी विचारलं नाही. माझ्या पगारातून एक रुपया जाणार नव्हता, म्हणून तर इतकं पटकन सांगता आलं. त्या पोराचा १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म पुढं मी भरला, तो दहावी झाला, नंतर शिकला नाही. तोवर पोरीचं लग्न झालं होतं. ती नर्स झाली नाही.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं आपण पोरांना सांगतो आणि शाबासकी मागच्याला देतो. रक्त पुढच्याच्या अंगठ्यातून आलेलं असतं. या जूनमध्ये तू काही तरी शिकलास यात शंका नाही, त्याची फी दादानं भरली. माझी फी त्या माणसानं भरली.

म्हणून मला विचारशील खरा शहाणा कोण, तर ज्याला सल्ला देताना समोरच्याची बियाण्याची पिशवी दिसते तो. माहिती त्याला लागतेच, अडाणीपणा म्हणजे शहाणपण नव्हे. पण आपण चुकलो तर भरणार कोण, हे त्याला तोंड उघडायच्या आधी आठवतं. आणि चुकल्यावर तो भरणाऱ्याच्या दारात जातो. माझ्या ओळखीत असे शिकलेलेही आहेत आणि अंगठेबहाद्दरही, पण फार नाहीत.

तुला तेरच्या गोरोबाकाकांची कथा माहीत असणार, आपल्या धाराशिव जिल्ह्यातलंच तेर. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईनं थापटण्याकडं, म्हणजे मडकी ठोकायच्या लाकडी फळीकडं बोट दाखवून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमची मडकी बघा की. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले, सगळे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले. हे मडकं कच्चं, असा निकाल लागला. कीर्तनात ही गोष्ट इथं संपते आणि माणसं हसतात. मला तिचा पुढचा भाग आवडतो. नामदेव काही ऐरागैरा नव्हता, विठ्ठल ज्याच्याशी बोलतो अशी ख्याती असलेला माणूस. चारचौघांत कच्चा ठरला, चिडला, पंढरपूरला जाऊन विठ्ठलाकडं गाऱ्हाणं केलं. विठ्ठलानंही त्याची बाजू घेतली नाही, औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं जा म्हणाला. आणि नामदेव गेला. पंढरपूर ते औंढा, त्या काळात, पायी. सगळ्यांसमोर झालेला अपमान पोटात घेऊन इतक्या दिवसांची वाट चालला, शिकायला. कच्चं मडकं भाजलं कुठं गेलं, ते मला या चालण्यात दिसतं.

तुला तर नुसती गल्ली ओलांडायचीय.

पण पारावरचं बोलणं तुला जास्त सलतंय, हे मी पत्रात वाचलं. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान कशाला म्हणायचं ते सांगितलंय. त्या यादीतला पहिलाच शब्द 'अमानित्व', म्हणजे मला मान द्या अशी हाव नसणं. पहिला नंबर याला का दिला असेल, यावर मी बरीच वर्षं डोकं खाजवलं. आता वाटतं, मान सांभाळायच्या नादात असलेल्या माणसाला समोरचा दिसतच नाही. सह्या करणाऱ्या बाईला पोरगी दिसली नाही, तसं.

होता येतं का, हा तुझा शेवटचा प्रश्न. यावर अभ्यास झालाय. इगॉर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना त्यांनी कल्पना करायला सांगितली, की जोडीदारानं तुम्हाला फसवलंय, किंवा तुमच्या मित्राला त्याच्या जोडीदारानं फसवलंय. मित्राच्या बाबतीत माणसं समजुतीनं बोलली. आपल्याला सगळंच माहीत नाही, दुसरी बाजू असेल, पुढं चित्र बदलू शकतं, मधली वाट निघेल, असा विचार करू शकली. स्वतःवर आलं की यातलं बरंचसं गळून पडलं. जगाला सल्ला देणाऱ्या, पण स्वतःचं घर न सावरलेल्या बायबलमधल्या राजावरून त्यांनी याला सॉलोमनचा विरोधाभास म्हटलं. आपल्याकडं यासाठी 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' आधीपासून आहे, आणि दर आठवड्याला सल्ला लिहिणाऱ्या बाईला ते मुळीच सोयीचं नाही. पण गंमत पुढं आहे. स्वतःचीच अडचण 'मी' न म्हणता तिऱ्हाइताची म्हणून बघायला सांगितली, तेव्हा माणसं स्वतःच्या बाबतीतही तितकीच समंजस निघाली. ग्रॉसमन यांचं पुढचं कामही हेच दाखवतं, की एकच माणूस एका प्रसंगात शहाणा आणि दुसऱ्या प्रसंगात नसतो. तेव्हा दीडशहाणा हा काही तुझ्या सातबाऱ्यावर चढलेला बोजा नाही.

आज रात्री वहीत तुझी हकीकत दुसऱ्या कुणाची म्हणून लिही. 'एक मास्तर होता, त्यानं चुलतभावाला पेरायला लावलं' इथून सुरू कर. चार ओळी होईपर्यंत तूच म्हणशील, अरे, हा मास्तर भावाच्या घरी का जात नाही?

तर जा. पारावर नको, घरी जा, आणि वहिनी घरात असताना जा, कारण दुसऱ्या पेरणीला तिचंही काही गहाण पडायची पाळी आली असेल. टक्क्यांचा हिशेब सांगू नकोस. 'दादा, तू माझ्या शब्दावर पेरलंस, आणि मी न बघता बोललो' एवढं पुरे. मग पिशव्या किती गेल्या ते विचार आणि निम्मे पैसे तुझे, हे तिथंच सांग. तो नको म्हणेल. दोनदा म्हणू दे. तिसऱ्यांदा कृषी केंद्रात जाऊन त्याच्या खात्यावर भरून ये. लातूरच्या क्लासचा पगार असतो तुला.

तो विचारेल, आता काय पेरू? इथं तुझी जीभ पुन्हा वळवळेल, मी ओळखते, माझीही वळवळतेय. जुलैच्या मध्यापर्यंत सोयाबीनला वेळ धरतात, त्यापुढं दुसरं पीक बघावं लागतं, इतपत मलाही माहीत आहे. पण कोणतं, ते मी सांगणार नाही आणि तूही सांगू नकोस. गावच्या कृषी सहायकाला फोन लाव, वडिलांना बांधावर ने, बोलणं त्या तिघांचं होऊ दे.

तुझ्याजोगं एक काम मात्र आहे. उत्तर छापून यायला उशीर होईल म्हणून हे तुला आधीच पाठवतेय, तेव्हा वेळ आहे. दादा घरचं राखलेलं सोयाबीन पेरणार असेल, तर त्याची उगवण तपासून दे. धुतलेलं गोणपाट ओलं करून अंथर, वर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांड, दुसरं ओलं गोणपाट टाकून अलगद गुंडाळी कर आणि सावलीत ठेव. न निवडता मूठभर काढून मोज, चांगले दाणे वेचून लावशील तर फसशील. पाच-सहा दिवसांनी उलगडून मोजायचं. ७० च्या वर उगवले तर बियाणं पेरणीजोगं, कमी भरले तर एकरी बी वाढवावं लागतं. तुला प्रयोगशाळेची सवय आहे, हात स्वच्छ चालेल.

गुंडाळी दादाच्याच पडवीत ठेव. तिच्यावर रोज पाणी शिंपडावं लागतं. आठवडाभर रजा टाक आणि ते शिंपडायला तू जा.